दाम, काम आणि समाधान

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आठव्या वेतन आयोगाच्या स्थापनेला मंजुरी दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाची कार्यकक्षाही निश्चित झाली. तेव्हापासून सरकारी नोकरदारांच्या घरोघरी एकच आकडेमोड सुरू झाली. सातव्या आयोगाने मूळ वेतनाला २.५७ ने गुणले होते आणि १ जानेवारी २०१६ पासून किमान वेतन सात हजारांवरून अठरा हजारांवर गेले होते. आता गुणक किती असेल, याचे तर्क लढविले जाऊ लागले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिल्या आयोगाने सुचविलेले किमान वेतन दरमहा ५५ रुपये होते, हे आठवले की काळ किती बदलला याची कल्पना येते.

ज्या इमारतीत एका घरात ही आकडेमोड चालते, त्याच इमारतीत शेजारच्या घरात विनाअनुदानित शाळेत शिकविणारी एखादी गृहिणी असते, कंत्राटी पद्धतीवर काम करणारा अभियंता असतो किंवा दुकानातला हिशेबनीस असतो. त्यांच्यासाठी कोणताही आयोग बसत नाही. दोन्ही घरांत एक वाक्य मात्र समान ऐकू येते, ‘एवढे राबूनही समाधान नाही.’ ज्याला भरपूर मिळते तोही हे म्हणतो आणि ज्याला तुटपुंजे मिळते तोही म्हणतो. म्हणून वेतन, काम आणि समाधान यांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. तो समाजाच्या मनोरचनेचा प्रश्न होतो आणि त्याचा विचार त्या पातळीवरच करावा लागतो.

पाश्चात्त्य जगात या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. २०१० साली टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावरील आधीच्या अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. वेतनाची पातळी आणि कामातील समाधान यांचा सहसंबंध त्यांना केवळ ०.१५ एवढा आढळला. संपूर्ण संबंध असेल तर हा आकडा एक येतो आणि काहीच संबंध नसेल तर शून्य. याचा अर्थ असा की, माणसामाणसांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातील जेमतेम दोन टक्के भाग पगाराच्या आकड्याने उलगडतो. उरलेला भाग कामाचे स्वरूप, वरिष्ठांची वागणूक, सहकाऱ्यांचा जिव्हाळा, प्रवासाची दगदग, घरातील वातावरण, स्वभाव अशा अनेक गोष्टींत दडलेला असतो. त्याहून विचार करण्याजोगी बाब म्हणजे खुद्द पगाराबद्दलचे समाधानही पगाराच्या आकड्याशी फार घट्ट जोडलेले नव्हते; तो सहसंबंध ०.२३ एवढाच भरला.

असे का व्हावे, याचे एक उत्तर थॉमस ली-पिंग टँग या अभ्यासकाच्या कामात सापडते. माणसे पैशाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे मोजण्यासाठी त्यांनी एक मापनश्रेणी तयार केली आणि १९९२ साली ती प्रसिद्ध केली. पैसा चांगला आहे की वाईट, तो यशाचे चिन्ह आहे काय, तो प्रतिष्ठा देतो काय, तो स्वातंत्र्य आणि सत्ता देतो काय, आणि आपण तो जपून, हिशेबाने वापरतो काय, अशा अंगांनी त्यांनी हा शोध घेतला. ज्यांना पैसा हे आपल्या यशाचे माप वाटत होते, त्यांचे कामाविषयीचे, बढतीविषयीचे, सहकाऱ्यांविषयीचे आणि एकूण आयुष्याविषयीचे समाधान कमी भरले. कारण उघड आहे. पैसा गरज भागविण्यासाठी हवा असेल, तर ‘पुरे’ म्हणण्याची एक जागा असते. तो यशाचे माप ठरला की ती जागा नाहीशी होते. कारण आपल्यापेक्षा अधिक मिळविणारा कोणीतरी नेहमीच असतो. त्याचा पगार वाढला की आपला पगार न घटताही कमी होतो.

आपल्याकडील मध्यमवर्गाच्या अवस्थेचे हे नेमके वर्णन आहे. १९९१ नंतरच्या आर्थिक खुलेपणाने या वर्गाला जे दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. ज्या घरांत स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, तेथे मोटारी आल्या. मुले परदेशी गेली. म्हाताऱ्या आईवडिलांच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या. दारिद्र्यात काही सात्त्विकता असते, हा समज ज्यांनी दारिद्र्य भोगले नाही त्यांचाच असतो. पण या समृद्धीबरोबर एक शब्दही घरात शिरला. तो शब्द म्हणजे ‘पॅकेज’. मुलगा काय काम करतो, हा प्रश्न मागे पडला; त्याला पॅकेज किती, हा प्रश्न पुढे आला. विवाह जुळविताना पत्रिकेतील गुणांच्या आधी पॅकेजचा आकडा जुळविला जातो. शेती करणाऱ्या, छोटा व्यवसाय सांभाळणाऱ्या, कष्टाळू आणि निर्व्यसनी मुलांना गावोगावी मुली मिळत नाहीत, आणि त्यांतील अनेकांचे मासिक उत्पन्न शहरातील पगारदारापेक्षा कमी नसते. राज्यात २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांहून अधिक जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्या अर्जांमागे वर्दीचे आकर्षण होते, तशीच दर महिन्याला ठरलेल्या दिवशी पगार होणारी, लग्न जुळविणारी आणि म्हातारपणी आधार देणारी नोकरी मिळावी ही धडपडही होती.

आता येथवरचे विवेचन ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की, पैशाने समाधान मिळतच नाही, तेव्हा पगाराचा आग्रह सोडावा आणि जे मिळते त्यात सुख मानावे. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण चुकीचा आहे. तो कोणाच्या सोयीचा आहे, हेही पाहिले पाहिजे. नोबेल पारितोषिक विजेते डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० साली असे मांडले होते की, अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर उत्पन्नाच्या पुढे रोजच्या आनंदात भर पडत नाही. हा आकडा जगभर गाजला. परंतु २०२३ साली स्वतः कानेमान यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्यासह आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा बहुसंख्य लोकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर आनंदही वाढत जातो, असे आढळले. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने आपल्याच गाजलेल्या निष्कर्षात दुरुस्ती मान्य करावी, ही प्रांजळपणाची गोष्ट आहे. ‘पैशाचे काय एवढे?’ असे सहज म्हणणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

भारतीय चिंतनाने तर अर्थाला कधीच तुच्छ लेखले नाही. चार पुरुषार्थांत त्याला मानाचे स्थान आहे. अट एवढीच की, त्याला धर्माचे अधिष्ठान असावे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एकात्म मानव दर्शनावर व्याख्याने दिली. अर्थाचा अभाव जसा धर्माला घातक असतो, तसाच अर्थाचा प्रभावही घातक असतो, हे त्यांच्या आर्थिक विचाराचे एक मुख्य सूत्र होते. उपाशी माणसाकडून धर्माचरणाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे आणि ज्याच्या मनाचा ताबा पैशानेच घेतला आहे त्याच्याकडून ती करणे भाबडेपणाचे. आज या दोन्ही व्याधी एकाच समाजात, कित्येकदा एकाच कार्यालयात शेजारीशेजारी दिसतात. वरच्या मजल्यावर प्रभाव आणि खालच्या मजल्यावर अभाव.

त्या खालच्या मजल्याकडे आपल्या राज्यशास्त्राने कसे पाहिले, हेही स्मरणीय आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सेवकवर्गाच्या वेतनाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. राज्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यासाठी राखावा, वेतन एवढे असावे की सेवक फितुरीला किंवा असंतोषाला बळी पडू नये, आणि कामावर असताना मृत्यू पावलेल्याच्या पत्नी-मुलांची तरतूद राज्याने करावी, असा त्याचा दंडक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी सैनिकांना व अधिकाऱ्यांना जहागिरी तोडून देण्याऐवजी रोख वेतनाची पद्धत अवलंबिली. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पत्रात हाच विचार दिसतो. तुम्हांला पैसा दिला आहे, लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्या पत्राचा आशय आहे. आधी वेतन चोख द्यायचे आणि मग सचोटीची अपेक्षा करायची, हा क्रम त्यांनी पाळला. आज तो उलटा झाला आहे. निष्ठेची मागणी आधी येते आणि वेतनाचे पुढे पाहू, असे सांगितले जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उद्योगपती नारायण मूर्ती यांनी देशाच्या प्रगतीसाठी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, असे आवाहन केले. देशासाठी अधिक श्रम करण्याची कल्पना राष्ट्रवादी विचारांच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु त्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्नही तितकाच राष्ट्रीय आहे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत सादर झालेल्या केंद्र सरकारच्याच आर्थिक पाहणी अहवालाने यावर बोट ठेवले. २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या नफ्याने पंधरा वर्षांतील उच्चांक गाठला. वेतन मात्र त्या प्रमाणात वाढले नाही आणि रोजगारातील वाढ दीड टक्क्यांवर रेंगाळली, असे अहवालात नमूद आहे. आठवड्याला साठ तासांहून अधिक काळ मेजाला खिळून राहिल्याने मनःस्वास्थ्य बिघडते, असा इशाराही त्यात दिलेला आहे. संगणक क्षेत्रात नवख्या अभियंत्याला मिळणारा पगार दहा-बारा वर्षे तीन-साडेतीन लाखांच्याच आसपास राहिला; या काळात पुण्यातील घरभाडे मात्र कोठल्या कोठे गेले. या तरुणाला समाधानाचे प्रवचन देण्याआधी त्याच्या नियुक्तिपत्रावरचा आकडा पाहण्याचे सौजन्य दाखविले पाहिजे.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा कामगार चळवळीत वर्गसंघर्षाच्या घोषणांचा जोर होता. त्या वातावरणात त्यांनी कामगारांना जी घोषणा दिली तिचे दोन भाग होते. पहिला भाग देशहितासाठी काम करण्याचा आणि दुसरा त्या कामाचे पुरेपूर दाम घेण्याचा. या दुसऱ्या भागाबद्दल मजदूर संघाने कधी संकोच बाळगला नाही. बोनस ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचे राहून गेलेले वेतनच आहे, अशी भूमिका घेऊन तो लढला. आज व्यासपीठांवरून घोषणेचा पहिला भाग मोठ्याने उच्चारला जातो आणि दुसऱ्या भागापाशी आवाज खाली येतो. घोषणा अर्धी केली की तिचा अर्थही अर्धा राहत नाही, तो उलटतो.

येथे आपल्या घराकडेही पाहणे आवश्यक आहे. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या शाळा, वसतिगृहे, रुग्णालये, पतसंस्था, मुद्रणालये आज महाराष्ट्रभर आहेत. त्यांचा पाया त्यागावर रचला गेला आहे. कोणत्याही वेतनाविना आयुष्य वेचणाऱ्या प्रचारकांनी, १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू करणाऱ्या किंवा १९८९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. हेडगेवार रुग्णालय उभारणाऱ्या तरुण डॉक्टरांनी ही परंपरा घडविली. त्यांनी स्वतःच्या मिळकतीवर स्वतः मर्यादा घातली आणि म्हणून समाजाने त्यांच्यापुढे मान लवविली. परंतु संस्था मोठी झाली की तिच्यात पगारी माणसे येतात. शिपाई येतो, परिचारिका येते, बालवाडीची ताई येते, लेखनिक येतो. त्यांनी त्यागाचे व्रत घेतलेले नसते. ते नोकरीला आलेले असतात. अशा वेळी पगारवाढ मागणाऱ्या ताईला ‘आपण हे काम पैशासाठी करत नाही’ असे ऐकविले जात असेल, तर त्या वाक्यातील ‘आपण’ हा शब्द तपासून पाहावा लागेल. व्यवस्थापकाने स्वतःपुरता केलेला निश्चय ताईच्या वतीने कोणी आणि केव्हा केला?

शासनही या दोषापासून मुक्त नाही. महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना सुरू झाली तेव्हा ‘सेवक’ या शब्दाचे पावित्र्य वापरून शिक्षकाला तीन वर्षे नाममात्र मानधनावर राबविण्याची सोय झाली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन प्रदीर्घ काळ सहा हजार रुपयांवर थांबले होते. ते सोळा हजार होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. ज्याच्याकडून राष्ट्राची पुढची पिढी घडवून घ्यायची त्याला वीटभट्टीवरच्या मजुराहून कमी द्यायचे आणि वर त्याला गुरुपदाचा गौरव सांगायचा, यात गुरूचाही सन्मान नाही आणि सेवेचाही नाही.

त्यागाची सीमा कोठे आखावी, हा पेच नवा नाही. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्या तरुणांनी सरकारी नोकरीची वाट सोडून तुटपुंज्या वेतनावर शिकविण्याचे व्रत घेतले होते. तरीही वेतनवाढ आणि बाहेरची मिळकत या प्रश्नांवरून त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. आजीव सदस्यांनी सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेर मिळकत शोधू नये, असा लोकमान्य टिळकांचा कटाक्ष होता. संसाराचा भार आणि दम्याचा विकार सोसणाऱ्या आगरकरांना आणि अन्य सहकाऱ्यांना तो तसाच्या तसा मान्य होणे कठीण होते. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. दोन्ही बाजूंची माणसे निःस्पृह होती, याविषयी कोणाला शंका नाही. एवढ्या उंचीच्या माणसांनाही दुसऱ्याच्या त्यागाचे प्रमाण ठरविता आले नाही, तर आजच्या संस्थाचालकाने ते परस्पर ठरवून टाकू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

गीतेतील निष्काम कर्मयोगाचाही असाच विपर्यास होतो. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्या अर्जुनाला, त्याच्या अंतःकरणाच्या शुद्धीसाठी केलेला आहे. मालकाने तो कामगाराला ऐकवावा आणि कामगाराने सोडलेले फळ आपल्या खात्यात जमा करावे, असा त्याचा अर्थ नाही. समाधान ही घेणाऱ्याची साधना आहे आणि योग्य दाम हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. घेणाऱ्याने आपली साधना करावी, देणाऱ्याने आपले कर्तव्य करावे. देणारा जेव्हा घेणाऱ्याला साधना शिकवू लागतो, तेव्हा त्याच्या कर्तव्याची थकबाकी वाढत असते.

घेणाऱ्याची साधना मात्र कोणी दुसरा करू शकत नाही, हेही तेवढेच खरे. त्याचा आरंभ घरातून होतो. पूर्वी मध्यमवर्गीय घरात जमाखर्चाची वही असे. महिन्याच्या पहिल्या तारखेला किराणा, दूध, शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि देवळाची किंवा संस्थेची वर्गणी अशी मांडणी होई. मुले ती पाहत आणि पैसा कोठून येतो, कशाकशाला पुरवावा लागतो, हे न सांगता शिकत. आज पैसा मोबाइलच्या पडद्यावरून निघून जातो. हप्त्यांचे आकडे आपोआप वळते होतात. पगार दुप्पट होऊनही महिनाअखेर तशीच ओढाताणीची जाते आणि दोष पगाराला दिला जातो. ही वही पुन्हा उघडावी. मुलांना तिच्यासमोर बसवावे. शेजाऱ्याच्या मुलाचे पॅकेज जेवणाच्या ताटावर वाढणे बंद करावे. लेकीसाठी स्थळ पाहताना मुलाचे काम काय, ते तो आवडीने करतो काय आणि सचोटीने करतो काय, हे प्रश्न आधी विचारावेत. ज्या घरात ‘पुरे’ कोठे म्हणायचे हे ठरलेले असते, त्या घराला वेतन आयोगाचा गुणक आनंद देतो, पण त्याची झोप उडवीत नाही.

आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याचे वेतन आहे त्या प्रत्येकाने, मग तो कारखानदार असो, शाळेचा कार्यवाह असो की घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पैसे देणारी गृहिणी असो, आपलीही एक वही उघडावी. तिच्यात एकच प्रश्न लिहावा: ज्या रकमेत हिने समाधान मानावे असे मला वाटते, त्या रकमेत माझे घर चालेल काय?

देहूच्या तुकोबांची कथा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. कथेचा उरलेला भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. परंपरा सांगते की, त्यांनी आधी कागदांचे दोन वाटे केले, अर्धे धाकटा भाऊ कान्होबा याच्या हाती दिले आणि बुडविले ते स्वतःच्या वाट्याचे. भावाला संसार होता, त्याचा वाटा त्याचा होता. त्याच्या वाट्यावर वैराग्य गाजविण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तुकोबांनी जाणले. इंद्रायणीच्या काठी ज्या कोणाला त्यागाचा मोह होईल, त्याने आधी वाटे करावेत.